करवंदीचं कुंपण



घर म्हटलं की मागं परसू आलं, आणि परसू म्हटलं की कुंपण आलं. पूर्वी इथं ओझरला आम्ही बाभळीच्या फांद्या तोडून रचत असू. वर्षभरात त्यांना वाळवी लागे. शेळ्या आत शिरत. दर साल पुन्हा बाभूळ तोडा, पुन्हा पायांत काटे मोडून घ्या! शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही ठरवलं, आता जिवंत कुंपण करू. करवंदी लावू.

करवंदं तुम्हां सर्वांना ठाऊक आहेत. उन्हाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडच्या बाया पानांच्या द्रोणांत विकतात, तीच. ही जाळी आपल्या सह्याद्रीचीच. खडकाळ जमिनीत, कुणी पाणी न घालता वाढते. मोकळी सोडली तर माणसाच्या डोक्यावर जाते.

पहिल्या साली आमची फजिती झाली. आम्ही बिया वाळवून डबीत जपून ठेवल्या आणि पुढच्या पावसात पेरल्या. एकही उगवली नाही. करवंदं विकणाऱ्या बाई हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, हे बी ठेवायचं नसतं. पिकल्या फळातून काढलं की लगेच मातीत टाकायचं." जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, पण हे आम्हांला ठाऊक नव्हतं.

मग रोपं झाली. पुढच्या जूनमध्ये दोन-दोन फुटांवर लावली. आपली जमीन काळी, पाणी धरणारी. मुळाशी पाणी साचलं तर करवंदी मरते. म्हणून वरंबा करून लावली. पहिले दोन उन्हाळे पाणी घातलं, मग नाही. पुढं पांढरी, वासाची फुलं आली. कच्च्या फळांचं लोणचं झालं.

पण एक चूक केली होती. रोपं अगदी हद्दीवर लावली होती. फांद्या शेजारच्या अंगणात गेल्या. एके दिवशी शेजारचे अण्णा तावातावानं आले. "गुरुजी, आज आमच्या पोराचा डोळा गेला असता!" पोराच्या भुवईवर ओरखडा होता. आम्ही काय बोलणार? करवंदीचा काटा लांब आणि कडक, कुठं कुठं टोकाशी दुफाटा. त्या बाजूची सगळी ओळ आम्ही खणून काढली. वाईट वाटलं, पण काढली. नवी रोपं तीन फूट आत लावली. आता फळं संपली की पावसाच्या तोंडाला छाटतो. छाटलेली काटकी न् काटकी वेचून जाळतो.

अण्णा वर्षभर बोलले नाहीत. आता लोणच्याची पहिली करवंदं त्यांच्या घरी जातात.

वैशाखात फळं पिकतील. ज्यांना बी हवं, त्यांनी तेव्हा घरी यावं.