जुन्या गेमची कुलपं



वीस-बावीस वर्षांपूर्वी रोख पैसे मोजून घेतलेल्या गेमची सीडी हल्लीच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिलीत कधी? गेम बिनतक्रार इन्स्टॉल होतो. चिन्हावर डबल क्लिक केलं की कर्सरपाशी गोल चक्र जरा फिरतं आणि थांबतं. पुढे काही नाही. आपण सीडी सदऱ्याला पुसतो, पुन्हा घालतो, परत तेच. सीडी बहुतेकदा ठणठणीत असते. अडतं ते तिला लावलेलं कुलूप.

नक्कल होऊ नये म्हणून गेमला कुलूप लावायची चाल जुनीच. १९९० मध्ये डॉसवर आलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवा. पहिली पातळी संपली की एक खोली लागायची. तिथे ओळीने बाटल्या, प्रत्येकीवर एक अक्षर. खाली सूचना यायची: पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतला अमुक शब्द बघा आणि त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्या. आपल्याकडे हा गेम कॉम्प्युटर क्लासमधून फ्लॉपीवर फिरला; ती पुस्तिका कुणी डोळ्यांनी पाहिली असेल असं मला वाटत नाही! त्याच वर्षीच्या ‘मंकी आयलंड’सोबत पुठ्ठ्याची चकती यायची. ती फिरवून चाच्याच्या चेहऱ्याचे वरचे आणि खालचे अर्धे भाग जुळवायचे, मग खिडकीत दिसणारं साल टाइप करायचं. कटकट होती खरी. पण ती पुस्तिका, ती चकती जपून ठेवली असेल, तर ते कुलूप आजही उघडतं.

पुढे गेम सीडीवर आले आणि घरोघरी सीडी राइट व्हायला लागल्या. तेव्हा सेफडिस्क नावाचं कुलूप निघालं. ‘एज ऑफ एम्पायर्स २’, ‘द सिम्स’ यांसारख्या गेमना ते होतं. सीडीच्या एका भागात मुद्दाम वाचता न येणारे तुकडे ठेवलेले असत. साध्या रायटरला ते जसेच्या तसे उतरवता येत नसत. गेम सुरू होताना हे दोष जागेवर आहेत का, ते तपासलं जाई. सीडी निर्दोष निघाली की ती नकली ठरली!

ही तपासणी चालायची ‘सेकड्रव्ह’ नावाच्या ड्रायव्हरच्या भरवशावर. तो विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसायचा, म्हणजे पाहुण्याला थेट तिजोरीच्या खोलीत झोपायला जागा दिल्यासारखं. २००७ मध्ये त्यात मोठी त्रुटी सापडली: साधा वापरकर्ता तिच्यातून संपूर्ण मशीनचा ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा डागडुजी केली. २०१५ मध्ये विंडोज १० आलं ते या ड्रायव्हरला नकार देऊनच, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात एका अपडेटने विंडोज ७ आणि ८ वरही तो बंद झाला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. फटका मात्र अस्सल सीडी घेणाऱ्यालाच बसला, कारण कुलूप तोडलेल्या चोरट्या प्रतीला त्या ड्रायव्हरची गरजच नव्हती.

२००८ मधला एक किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. युबीसॉफ्ट कंपनीचा ‘रेनबो सिक्स व्हेगास २’ हा गेम काहींनी इंटरनेटवरून रीतसर विकत घेतला होता. अपडेटनंतर गेम त्यांच्याकडे डिस्क मागायला लागला. डिस्क आणणार कुठून? कंपनीने उपाय म्हणून एक फाइल दिली. लोकांनी ती उघडून पाहिली, तर आत कुलूपतोड्यांच्या एका टोळीचं नाव. चोरांचंच हत्यार कंपनीने गिऱ्हाइकांना वाटलं होतं.

मग आपण काय करायचं? सीडी डॉसच्या काळातली असेल, तर डॉसबॉक्स हा फुकट प्रोग्राम बहुधा काम भागवतो. नंतरचे कितीतरी गेम पोलंडच्या जीओजी या ऑनलाइन दुकानात कुलूप काढून, रीतसर आणि स्वस्तात मिळतात. एकाच गेमचे दोनदा पैसे द्यायचे हे मलाही खटकतं, पण डोक्याचा ताप वाचतो. कुठल्याही साइटवरून क्रॅक, म्हणजे कुलूप तोडणारी फाइल, उतरवू नका, त्यात व्हायरस असण्याची भीती असते. जीओजीवर नसलेल्या गेमसाठी विंडोज एक्सपीचं जुनं मशीन राखून ठेवा. मूळ सीडी त्यावर चालेल. त्याला इंटरनेटची वायर मात्र लावू नका. तो ड्रायव्हर तिथे अजून जागाच असतो.