परत पाठवलेले ताट



वर्धापनदिनानिमित्त 'देवाचा भरवसा' या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी काही विदुषी नव्हे. संसारात जे शिकले, तेच सांगते. मी ख्रिस्ती आहे व आपणांपैकी बहुतेकींचे देव्हारे निराळे आहेत. पण रिकामा डबा सर्वांच्या घरी सारखाच वाजतो.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत साचेखात्यातले माझे यजमानही होते. आठ-पंधरा दिवसांत मिटेल असे वाटले होते. पावसाळा आला तेव्हा माझ्या पाटल्या गेल्या होत्या आणि वाण्याने उधारी बंद केली होती.

एके संध्याकाळी घरात फक्त बिनदुधाचा चहा होता. मुलांना जवळ घेऊन मी नेहमीची प्रार्थना म्हटली. प्रभूने शिकविलेल्या त्या प्रार्थनेत आम्ही महिन्याचे मागत नाही, केवळ त्या दिवसाची भाकर मागतो. प्रार्थना संपते न संपते तोच शेजारच्या वहिनी झाकलेले ताट घेऊन दारात आल्या. "आज भाजी जरा जास्त झाली," म्हणाल्या. मी चटकन म्हटले, "आमची जेवणं झाली, वहिनी."

त्या गेल्या. अंथरुणावरून सासूबाई म्हणाल्या, "पोरी, भाकर मागितलीस आणि दाराशी आलेली परत धाडलीस? देव काय पाठीवर पोतं घेऊन येणार होता?"

मी खाली मान घालून शेजारी गेले. "वहिनी, मघाशी मी खोटं बोलले. मुलं उपाशी आहेत." त्यांनी काही विचारले नाही. ताटात आणखी दोन भाकरी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मला एका शिंप्याकडे नेले आणि डझनाच्या भावाने काजे-बटणांचे काम मिळवून दिले. ज्याला मी भरवसा समजत होते, त्यात निम्मा माझा ताठा होता, हे मला त्या दिवशी कळले.

भगिनींनो, पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. त्यांचे आईवडील व थोरली बहीण दुष्काळाच्या हालांत गेली. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतात जाऊन शेकडो अनाथ मुली व विधवा आणल्या आणि केडगावी त्यांना आश्रय दिला. देवावर भार टाकला, पण हात जोडून बसल्या नाहीत. विहिरी खणविल्या, शेती केली, मुलींना विणकाम व छापखान्याचे काम शिकविले. लोकांनी दिलेले दान त्यांनी देवाचेच म्हणून घेतले. तरीही 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. ते दुःख पोटात घालून त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर तडीस नेले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. भरवसा ठेवला म्हणजे दुःख दाराशी येत नाही, असे मी म्हणूनच कधी म्हणत नाही.

माझ्या यजमानांनाही गिरणीतली नोकरी पुन्हा मिळाली नाही. पुढे ते रात्रपाळीचे पहारेकरी झाले. ती एक प्रार्थना मला हवी तशी फळली नाही, आणि तिचे कारण मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवसांत मुले एकदाही उपाशी झोपली नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

देणारे हात आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. माझी विनंती घेणाऱ्या बहिणीस आहे. बाई, अडचण असेल तर दार लावून घेऊ नकोस. तू देवाकडे जे मागितलेस, ते कदाचित शेजारणीच्या हातून येत असेल. ताट परत पाठवू नकोस.