राजाचे सुतक आणि रयतेचे स्मरण



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी राजर्षी शाहू छत्रपतींच्या स्मरणाचा विषय कळवला. त्यावर आमच्याच संघटनेतले दोन मित्र हसले. ते म्हणाले, "जन्मभर मालकशाहीविरुद्ध घोषणा दिल्या, आणि आता राजाचे गोडवे गाणार?" प्रश्न रास्त आहे. दुसरा प्रश्न तुमच्याही मनात असेल. शाहू महाराज कोल्हापूरचे. आपला बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यांचा आपल्यावर अंमल नव्हता, मग आपण त्यांचे सुतक का धरावे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी माझ्या समजुतीप्रमाणे देणार आहे.

राजा गेला की रयतेने शोक करायचा, हा जुना रिवाज आहे. पण शोकाचे दोन प्रकार असतात. एक हुकमाचा. झेंडे अर्ध्यावर येतात, कचेऱ्या बंद होतात, नगारे थांबतात. २०२२ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या एलिझाबेथ राणी वारल्या, तेव्हा आपल्या देशातही सरकारने एक दिवसाचा दुखवटा जाहीर केला होता. त्या दिवशी बालाघाटावरच्या किती माणसांच्या डोळ्यांत पाणी आले, हे विचारण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार आपखुशीचा. त्याला फर्मान लागत नाही. आम्हा चळवळीतल्या माणसांना हा फरक लवकर कळतो. नोटीस काढून पुकारलेला बंद वेगळा, आणि एखादा सोबती गेल्याची बातमी येताच हातातली हत्यारे आपोआप खाली ठेवली जातात, तो बंद वेगळा.

६ मे १९२२ रोजी मुंबईस खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये शाहू महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. पार्थिव कोल्हापुरास आणले गेले आणि पंचगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले. राजाच्या इतमामाने जे व्हायचे ते सर्व झाले. ते मी बाजूला ठेवतो. मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

गंगाराम कांबळे नावाचे एक गृहस्थ महाराजांच्या पागेत चाकरीला होते. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामांना त्यांनी चाकरीतून मोकळे केले आणि सांगितले, स्वतःचा धंदा काढ. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज आपली गाडी दुकानापुढे उभी करीत आणि मोठ्याने चहा मागवीत. स्वतः पीत आणि बरोबरच्या अंमलदारांनाही पाजीत. राजानेच कप ओठाला लावल्यावर बाकीच्यांना नाही म्हणण्याची सोय उरत नसे.

महाराज गेले आणि तीन वर्षांनी, १९२५ साली, या गंगाराम कांबळ्यांनी आपल्या समाजबांधवांची वर्गणी जमवून कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले. शाहू महाराजांचे हे पहिले स्मारक म्हणून सांगितले जाते. सरकारी स्मारके होण्याच्या आधी, ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्या माणसांनी आपल्या पोटाला चिमटा घेऊन ते केले. वर्गणी गोळा करण्यात माझे आयुष्य गेले आहे. गरिबाच्या खिशातून आणा निघतो, तो कोणाच्या भिडेने निघत नाही. त्याला आतून पटावे लागते.

त्याच्याही आधीची गोष्ट. १९२० च्या मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण भीमराव आंबेडकर, आणि महाराज स्वतः हजर राहिले. त्या परिषदेने ठराव केला की, शाहू महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा. म्हणजे महाराज हयात असतानाच त्यांचे स्मरण कोण करणार हे ठरून गेले होते.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. ६ मे २०२२ रोजी सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. गाड्या चौकात थांबल्या, दुकानदार दुकानाबाहेर आले, माणसे होती तिथे उभी राहिली. आवाहन प्रशासनाचे होते, हे खरे. पण रस्त्यातल्या माणसाला कोणी दंड करणार नव्हते. ज्याला कोणी पाहिलेले नाही अशा माणसासाठी एक शहर थांबले, ही सामान्य गोष्ट नाही.

याचे कारण कोल्हापूरच्या दसरा चौकात गेले की कळते. तिथे महाराजांचा पुतळा आहे, आणि आसपास वसतिगृहे आहेत. मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. १९०१ पासून महाराजांनी एकेका समाजाला हाताशी धरून ही वसतिगृहे उभी करवली. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचे तर आधी भाकरी आणि पथारी पाहिजे, मग पुस्तक, हे त्यांनी ओळखले होते. २६ जुलै १९०२ ला त्यांनी सरकारी नोकरीतल्या पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठेवला. पुतळा या वसतिगृहांच्या मधोमध उभा आहे म्हणून त्याला अर्थ आहे. पुतळा उद्या हलवला तरी वसतिगृहे बोलत राहतील.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. दसरा उलटला की बीड, पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात, आणि त्यांतली कितीतरी कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर जातात. तिथला ऊस कशावर पिकतो? भोगावतीच्या पाण्यावर, पंचगंगेच्या पाण्यावर. भोगावतीवर राधानगरीचे धरण आहे. ते शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधायला घेतले. पैसा अपुरा पडला, काम मध्येच थांबले, आणि महाराज ते पुरे झालेले न पाहताच गेले. धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर. राजाचे अपुरे काम पुढच्यांनी पुरे केले. माझ्या मते महाराजांचे सर्वांत मोठे श्राद्ध तेच झाले.

म्हणजे मंडळी, आपले नाते आहे. महाराजांच्या पाण्यावर वाढलेला ऊस आपल्या आयाबहिणी तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावर वाहून गाडीत भरतात. पाणी महाराजांचे, घाम बीडचा. परंतु महाराजांनी रयतेला दोन गोष्टी दिल्या होत्या, पाणी आणि शाळा. पाणी उसाला मिळाले. ऊस तोडणाऱ्याच्या पोराला शाळा मिळाली का? दिवाळीनंतर ते पोर आईबापांबरोबर फडावर जाते. कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढे गोळा करते. चैत्रात गावी परत येते, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. महाराजांचा एक रुपया दंड आज कोणाला करायचा? त्या आईबापांना? त्यांनी तर उचल फेडायची आहे. एक दिवस आजारी पडले तर खाडा पडतो आणि त्याचेही पैसे कापले जातात.

६ मे २०२२ ला कोल्हापूर स्तब्ध उभे होते, तेव्हा मराठवाड्यात ऊस अजून फडात उभा होता. त्या साली हंगाम जूनपर्यंत लांबला. वैशाखाच्या उन्हात कोयते चालू होते. त्यांना शंभर सेकंद थांबायला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्यांना ते परवडले नसते. आणखी एक गोष्ट. महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापडाची गिरणी काढली. स्मृतिशताब्दीचे कार्यक्रम त्या शाहू मिलच्या आवारात झाले. गिरणी मात्र त्याआधीच बंद पडलेली होती. कार्यक्रम चांगले होते, त्यांना मी नावे ठेवत नाही. पण मी गिरणीच्या आवारात आधी कामगाराला शोधतो, ही माझी खोड आहे.

आता मित्रांच्या प्रश्नाकडे येतो. राजाचे गोडवे का? मी राजेशाहीचे गोडवे गात नाही. राजा चांगला निघणे हा रयतेच्या नशिबाचा भाग. एका माणसाच्या मर्जीने मिळालेले दुसऱ्याच्या मर्जीने जाऊ शकते. म्हणून राजाच्या देणग्यांचे हक्कांत रूपांतर करणे हे रयतेचे काम असते. महाराजांची सक्तीच्या शिक्षणाची आज्ञा आज २००९ च्या कायद्याने प्रत्येक मुलाचा हक्क झाली आहे. हमाल-माथाड्यांनी संघटना केली, झगडले, आणि १९६९ साली त्यांचा कायदा झाला. ऊसतोड्यांच्या मुलांसाठी तालुक्या-तालुक्यांत वसतिगृहे काढण्याची योजना सरकारने २०२१ साली मंजूर केली. तिला संत भगवानबाबांचे नाव दिले. एकेचाळीस तालुके, ब्याऐंशी वसतिगृहे. महाराजांचीच कल्पना शंभर वर्षांनी आपल्या डोंगरापर्यंत पोहोचली. नाव संताचे असो की राजाचे, माझी तक्रार नाही. तिथे पोराला वेळेवर जेवण मिळते का, मुलींच्या वसतिगृहाला भिंत आणि दिवा आहे का, आणि दिवाळीआधी प्रवेश होतो का, हे पाहणारे कोणी पाहिजे.

येत्या ६ मे रोजी शंभर सेकंद जरूर उभे राहा. २६ जूनला, सामाजिक न्याय दिनी, हारही घाला. पण त्याबरोबर एक काम करा. आपापल्या गावातून गेल्या हंगामात किती कोयते गेले आणि त्यांच्यामागे किती मुलांची शाळा सुटली, त्यांची नावे वहीत लिहून काढा. दसऱ्याच्या आधी ती वही घेऊन वसतिगृहाच्या आणि शाळेच्या दारात जा. एकट्याने जाऊ नका, दहा जण मिळून जा. गंगाराम कांबळ्यांनी आणा-आणा गोळा करून महाराजांचे स्मरण केले. आपण एकेक नाव गोळा करून करू.