थोरली कोण? उल्हास आणि तिच्या उपनद्या

कल्याण स्थानकाच्या पुढे लोकलचे दोन फाटे होतात. एक कर्जतला जातो, दुसरा कसाऱ्याला. 1854 मध्ये रेल्वे कल्याणला आली आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत तिने बोरघाट आणि थळघाट असे दोन्ही घाट पार केले. हे दोन फाटे कुठून न्यायचे हे बऱ्याच अंशी नद्यांनीच ठरवून ठेवले होते. कर्जतचा फाटा उल्हास नदीच्या खोऱ्यातून वर चढतो, कसाऱ्याचा भातसाच्या मुलखातून. तिसरी मोठी नदी काळू. ती माळशेज घाटाच्या अंगाने उतरते, मुरबाड तालुका ओलांडते आणि टिटवाळ्यावरून पुढे येते. तिच्या काठाने रेल्वे गेली नाही, पण नाणेघाटातून उतरणारा प्राचीन व्यापार याच मुरबाडच्या मुलखातून कल्याण बंदराला येत असे. या तिन्ही नद्यांचे पाणी कल्याणच्या परिसरात एकत्र होते आणि वसईच्या समुद्राकडे निघते. कर्जतची गाडी मुख्य आणि कसाऱ्याची तिच्या हाताखालची, असे कोणी म्हणत नाही. नद्यांच्या बाबतीत मात्र शाळेच्या भूगोलापासून आपण हेच पाठ केलेले आहे: उल्हास ही नदी, काळू आणि भातसा या तिच्या उपनद्या. ही उतरंड कशाच्या आधारावर लागली, ते आज पाहायचे आहे. माझे म्हणणे असे, की मुख्य नदी कोणती हे माणसांनी ठरवलेले असते आणि त्यामागे कोणतेही एक माप नसते. कोणते पाणी कोणाला कुठे मिळते, तो क्रम मात्र निसर्गाचा असतो. आपण नाव जपले आणि क्रम विसरलो. त्याची किंमत ठाणे जिल्हा मोजतो आहे.

आधी आकडे पाहू. उल्हासची लांबी 122 किलोमीटर मानली जाते आणि तिचे संपूर्ण खोरे 4,637 चौरस किलोमीटरचे आहे. या खोऱ्यापैकी 55.7 टक्के क्षेत्र एकट्या काळू आणि भातसा या दोघींचे आहे. म्हणजे सुमारे 2,580 चौरस किलोमीटरवर पडणारा पाऊस या दोन ‘उपनद्या’ गोळा करतात. ज्या नदीचे नाव साऱ्या खोऱ्याला मिळाले, तिच्या वाट्याला उरतात दोन हजारांहून थोडे अधिक चौरस किलोमीटर, आणि त्यातही पेज, चिल्लार, पोशीर, बारवी, वालधुनी, भिवंडीची कामवारी या सगळ्यांचे हिस्से आहेत. यावर कोणी म्हणेल, की दोन नद्यांची बेरीज करून एकीशी तुलना करणे न्याय्य नाही. आक्षेप रास्त आहे. पण मग उल्हासच्या पारड्यातूनही पेज, पोशीर आणि बारवी काढून ठेवाव्या लागतील. तुलना सारख्याची सारख्याशी करायची, तर राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून निघालेल्या एकट्या प्रवाहाचे थोरलेपण क्षेत्रफळावर तरी उभे राहत नाही.

क्षेत्रफळ सोडा, वाहत्या पाण्यावर ठरवा, असे म्हटले तर गुंता आणखी वाढतो. उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या आटतात. उल्हासमध्ये मात्र एप्रिल-मे महिन्यांतही पाणी असते. याचे एक मोठे कारण घाटाच्या पलीकडे आहे. मावळातली आंध्रा नदी मुळात इंद्रायणीला मिळणारी. इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागराला जाते. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून हे पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेकडे वळवले. 1922 मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. तिथे जनित्रे फिरवून सुटलेले पाणी कर्जत तालुक्यात पेज नदीत येते आणि पेजेतून उल्हासमध्ये. त्याच्या खाली बारवी धरणातून सोडलेले पाणी मिळते, आणि मग जांभूळच्या बंधाऱ्यापासून खाली औद्योगिक विकास महामंडळ आणि शहरांच्या पाणी योजना ते उचलत जातात. म्हणजे कल्याण-डोंबिवलीच्या नळाला उन्हाळ्यात येणाऱ्या पाण्यात कृष्णा खोऱ्याचा वाटा आहे. उलट बाजूला भातसा पाहा. मुंबईच्या रोजच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा तिच्या धरणातून येतो. पिसे इथे ते उचलले जाते आणि महानगराकडे जाते. उल्हासला बाहेरून पाणी मिळते आणि भातसाचे बाहेर नेले जाते. अशा परिस्थितीत उन्हाळ्यातला प्रवाह मोजून थोरली-धाकटी ठरवणे म्हणजे धरणांच्या दरवाजांनाच निवाडा करायला सांगणे.

बरे, ज्या नावावरून हा सगळा वाद, ते नाव तरी उगमापासून मुखापर्यंत टिकते का? तेही नाही. कल्याणच्या खाली भरती-ओहोटीचे पाणी लागते आणि तिथून लोक नदी म्हणायचे थांबतात. कल्याणची खाडी, पुढे घोडबंदर, मग वसईची किंवा भाईंदरची खाडी. ठाण्याच्या ईशान्येला याच पाण्याचा एक अरुंद फाटा दक्षिणेकडे ठाणे खाडीला जोडलेला आहे. भाईंदरच्या पुलावरून रोज जाणाऱ्या लाखो माणसांपैकी खाली उल्हास नदीचे पाणी आहे, हे किती जणांच्या मनात येत असेल? दुसरीकडे नदीचे नाव नदीला सोडून गावाला चिकटले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या कल्याण कॅम्पला 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या शहराच्या मधून वाहते ती मात्र वालधुनी.

हा प्रकार आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेत मिसुरी ही संगमापर्यंत मिसिसिपीपेक्षा लांब आहे आणि ओहायो तिच्यापेक्षा अधिक पाणी आणते, तरी तिघींच्या पाण्याला नाव मिसिसिपीचेच. युरोपियन वसाहतकार त्या खोऱ्यात ज्या वाटांनी शिरले, त्या वाटांचा हा ठसा आहे. वेल्ससारख्या छोट्या देशात तोडगा निराळा निघाला. मर्थर टिडफिल गावाजवळ दोन प्रवाह मिळून टाफ नदी होते, आणि त्या दोघींना थोरली टाफ व धाकटी टाफ अशी नावे आहेत. एकीचे नाव दुसरीने गिळले नाही. महाराष्ट्रात तर तोडग्यांची केवढी विविधता आहे! पुण्यात मुळा आणि मुठा भेटल्या की पुढे मुळा-मुठा असे जोडनाव चालते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की दोघींचीही नावे संपतात आणि प्राणहिता हे तिसरे नाव सुरू होते. कोल्हापूरला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते, म्हणजे तिथे नावातच पाचांचा हिशेब ठेवला आहे. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि नाव कृष्णेचे पुढे जाते. एकच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते आणि त्याने कोणाचेही काही अडत नाही. इतक्या प्रकारांमागे एक सूत्र शोधू गेलो तर ते जलशास्त्रात सापडत नाही. ते बाजारपेठांत, तीर्थांत आणि घाटवाटांत सापडते.

जलशास्त्राने या प्रश्नाशी झुंज घेतली, ती कथा उद्बोधक आहे. 1914 मध्ये ग्रॅव्हेलियस या जर्मन अभ्यासकाने मुखाकडून मोजायला सुरुवात केली: मुख्य नदी पहिल्या क्रमाची, तिला मिळणाऱ्या दुसऱ्या, त्यांना मिळणाऱ्या तिसऱ्या. यात मुख्य कोण हे आधीच ठाऊक असावे लागते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. 1945 मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट हॉर्टनने मोजणी उलटी केली. ज्याला एकही ओहोळ मिळत नाही तो पहिल्या क्रमाचा प्रवाह, तिथून खाली आकडा वाढत जातो. पण मुख्य नदीला उगमापर्यंत सर्वांत मोठा क्रम द्यायचा हट्ट त्यानेही धरला. त्यामुळे प्रत्येक दुबेळक्यात कोणता फाटा थोरला हे ठरवणे भाग पडले. त्यासाठी त्याने नियम केला: जो प्रवाह जास्त कोनात वळून येतो तो धाकटा, आणि कोन सारखेच असतील तर आखूड तो धाकटा. काही वर्षांतच, 1952 मध्ये, आर्थर स्ट्रालरने हा हट्टच सोडून दिला. त्याच्या पद्धतीत पहिल्या क्रमाचे दोन प्रवाह मिळाले की दुसऱ्या क्रमाचा एक होतो, दुसऱ्या क्रमाचे दोन मिळाले की तिसऱ्याचा. मोठ्याला लहान मिळाला तर मोठ्याचा क्रम तोच राहतो. इथे नाव विचारावे लागत नाही. आज जगभर बहुतेक नकाशांवर हीच पद्धत वापरतात, आणि तिचे यश मला तरी यातच दिसते की थोरलेपणाचा प्रश्न तिने बाजूला ठेवला.

नकाशाच्या प्रमाणावर हा क्रमही बदलतो, असा आक्षेप जाणकार घेतात, आणि तो खरा आहे. एका नकाशावर न दिसणारा ओहोळ अधिक बारीक नकाशावर दिसतो आणि खालचे सगळे आकडे सरकतात. पण एकच नकाशा प्रमाण धरला की त्यावरचे आकडे परस्परांशी ताडून पाहता येतात. नावांबाबत तेवढीही सोय नाही. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. नागरिकाला या सगळ्याचे काय? त्याने उल्हास म्हटले काय आणि काळू म्हटले काय, पूर यायचा तो येतोच. याचे उत्तर 27 जुलै 2019 च्या पहाटे मिळाले. बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक गावकरी धावले. त्या जागी पाणी कुठून येते? कर्जत-नेरळच्या बाजूने, वरच्या उपनद्यांतून. बारवीचा संगम तिथून खाली, बदलापूरच्या पुढे आहे. म्हणजे बारवीतून पाणी सोडल्याचा इशारा जांभूळ, शहाड, कल्याणच्या माणसासाठी मोलाचा, पण वांगणीच्या माणसाला त्याने काहीच कळत नाही. त्याने माथेरान आणि कर्जतकडचा पाऊस पाहायला हवा. ‘उल्हास नदीला पूर’ या तीन शब्दांच्या बातमीत हा फरक हरवतो. 2025 मध्ये राज्य सरकारने पोशीर आणि शिलार इथल्या दोन नव्या धरणांना मान्यता दिली आहे. ती उभी राहतील तेव्हा कोणत्या संगमाच्या वर राहतो आणि कोणत्या खाली, हे प्रत्येक गावाला अधिकच नेमके माहीत असावे लागेल.

आणि या उतरंडीच्या तळाशी आहे वालधुनी. अंबरनाथच्या डोंगरात ती उगम पावते. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 मधले शिलाहारांचे शिवमंदिर तिच्याच काठी उभे आहे. हजार वर्षांपूर्वी ज्या प्रवाहाच्या काठी इतके देखणे शिल्प उभारावेसे वाटले, त्याला पुढच्या काही किलोमीटरवर उल्हासनगर आणि कल्याणमध्ये लोक सर्रास नाला म्हणतात. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात इतके आले की हे नाव खरे वाटू लागले. इथे मात्र नावाला वजन आहे, हे मी मान्य करतो, आणि ते माझ्या आधीच्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. नदी म्हटले की पाटबंधारे खाते निळी आणि लाल पूररेषा आखते. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नाला म्हटले की वाट्याला येते ती पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई. मुंबईत मिठीचे हेच झाले होते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कित्येक मुंबईकरांना आपल्या शहरातून एवढी नदी वाहते हे पहिल्यांदा कळले. प्रवाहाची पायरी ठरवायची ती त्याला किती ओहोळ मिळतात आणि तो किती क्षेत्राचे पाणी वाहून नेतो यावरून. त्याच्या पाण्याला आज वास कसा येतो, यावरून ती कमी करता येत नाही. या कसोटीवर वालधुनी नदीच आहे.

नावे बदलावीत, उल्हासला काळू म्हणावे, असे मी सुचवत नाही. लोकांच्या तोंडी बसलेले नाव शासन निर्णयाने हलत नाही, आणि हलवूही नये. मागणी याहून साधी आहे. ठाणे जिल्ह्याच्या शालेय नकाशात एक जाड निळी रेघ आणि तिच्यावर उल्हास हे एकच नाव छापण्याऐवजी पेज, चिल्लार, पोशीर, बारवी, वालधुनी, काळू, शाई, मुरबाडी, भातसा आणि कामवारी या साऱ्याजणी आपापल्या संगमाच्या जागी दाखवाव्यात. पुराचा इशारा देताना नदीच्या नावाबरोबर संगमाच्या वरची गावे आणि खालची गावे वेगळी सांगावीत. आणि अंबरनाथ ते कल्याण या पट्ट्यात वालधुनीच्या दोन्ही काठांच्या पूररेषा प्रत्येक प्रभाग कार्यालयात भिंतीवर लावाव्यात, म्हणजे तिच्या काठावर घर घेणाऱ्याला कागदावर सही करण्यापूर्वी त्या पाहता येतील.