टाळेबंदीतला विद्यार्थी आणि त्याचे मन

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणावर आपण दरवर्षी बोलतो. शिकणाऱ्या पोराच्या मनावर कोणी बोलत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, वसतिगृहे रिकामी झाली आणि जळगाव, नाशिक, पुण्याला शिकणारी आपली मुले भडगावी परत आली. दोन खोल्यांचे घर, त्यात सात माणसे. त्यातच मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशभर गाजत होता. वर परीक्षेचा घोळ. जुलैत विद्यापीठ अनुदान आयोग म्हणाला, परीक्षा घ्या. राज्य सरकार म्हणाले, नको. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, परीक्षेशिवाय पदवी नाही. तोवर शेवटच्या वर्षाच्या पोराने झोपायचे कसे?

मदत नव्हती असे नाही. केंद्र सरकारने २१ जुलै २०२० रोजी ‘मनोदर्पण’ सुरू केले, फुकट फोन नंबर दिला, वेळ सकाळी ८ ते रात्री ८. चांगलीच गोष्ट. पण आपल्याकडे घरात फोन एक, तोही बापाच्या खिशात. बाप कामावरून येईल तेव्हा फोन हाती. बरं, मिळाला, बोलायचं कुठं? आई चुलीपाशी, आजी खाटेवर. ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे सात माणसांत कोणी बोलेल काय? मुलीला तर फोन घेऊन अंगणात जायचीही चोरी! माझ्या मते त्या दिवसांत खरी टंचाई आडोशाची होती.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास, पैसे नाहीत, मराठीत बोलता येते, साधा बटणाचा फोनही चालतो. दुसरी भीती पोलिसांची. केस होईल म्हणून लोक दवाखान्यात खरे सांगत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ पाहा. जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरून चालायचे, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या घराघरात हे कलम ठाऊक पाहिजे.

तेव्हा विहार समितीकडे माझी एक मागणी आहे. संध्याकाळी तासभर एक खोली मोकळी ठेवा, एक साधा फोन ठेवा, दार लोटून बसता यावे. ‘कोणाशी बोललास?’ असे बाहेर कोणी विचारू नये. आणि किल्ली एखाद्या उपासिकेकडेही द्या, नाहीतर मुली येणार नाहीत.