वाचलेला पाय आणि बदललेली चाल

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे आणि माझे शिक्षण कला शाखेचे आहे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही, याची मला जाणीव आहे. तरीही आज मी मांडीच्या हाडाच्या कर्करोगावर, आणि त्या रोगातून वाचलेल्या माणसाच्या चालण्यावर बोलणार आहे. कारण हा विषय २०१८ साली माझ्या घरात शिरला आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक तुमच्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा, तेव्हा अकरावीत होता. कबड्डी चांगली खेळायचा. त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वर दुखू लागले आणि सूज आली. खेळताना मार लागला असेल, असे आम्हा सर्वांना वाटले. दोन-अडीच महिने तेल, शेक आणि मालिश चालली. रात्री दुखण्याने त्याची झोप मोडायची, तरी आम्ही म्हणायचो, वाढीचे वय आहे, दुखायचेच. शेवटी गोंदियाला क्ष-किरण फोटो काढला. तिथून नागपूर, आणि नागपूरहून मुंबईचे टाटा रुग्णालय. निदान झाले ऑस्टिओसारकोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग.

विद्यार्थी मित्रांनो, हा रोग बहुधा तुमच्याच वयात, दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान, हाडे झपाट्याने वाढत असताना होतो. गुडघ्याच्या आसपास, विशेषतः मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला तो जास्त आढळतो. तो विरळ आहे, म्हणून प्रत्येक गुडघेदुखीला घाबरू नका. पण विश्रांती घेऊनही न थांबणारे, रात्री जागे करणारे दुखणे आणि वाढत जाणारी सूज असेल तर मालिश करू नका. आधी फोटो काढा. आम्ही घालवलेले ते महिने आजही माझ्या मनात सलतात.

पूर्वी या रोगात पाय मांडीपासून कापत असत, आणि पाय कापूनही पाचांपैकी चार रुग्ण दगावत, कारण रोग आधीच फुप्फुसात पोहोचलेला असे. १९७० नंतर केमोथेरपीची औषधे आली आणि चित्र बदलले. आज रोग एका जागी असताना सापडला आणि पूर्ण उपचार झाले, तर निम्म्याहून अधिक रुग्ण वाचतात. बहुतेकांचा पायही वाचवता येतो. गाठ असलेला हाडाचा भाग, भोवतीचे थोडे निरोगी स्नायू घेऊन, काढून टाकतात. त्या जागी धातूचे हाड बसवतात. त्याची दांडी उरलेल्या हाडाच्या पोकळीत घट्ट रोवलेली असते. गुडघ्याचे अस्थिबंध कापावे लागतात, म्हणून तिथे दाराच्या बिजागरीसारखा सांधा असतो.

मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात धातू बसवण्याची एक शस्त्रक्रिया अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरोल्ड बोलमन या डॉक्टरांनी १९४० साली केली होती. तीसुद्धा हाडाच्या गाठीसाठीच होती. पण आपल्याकडे अनेक वर्षे अडचण होती ती किमतीची. परदेशी सांधा शेतमजुराच्या कुटुंबाला कसा परवडणार? या प्रश्नावर मुंबईत काम झाले. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे काम केलेले डॉ. मनीष अग्रवाल आणि डॉ. अजय पुरी यांच्यासारखे शल्यचिकित्सक, आय.आय.टी. मुंबईचे प्रा. बी. रवी आणि हैदराबादची धातुविज्ञान संस्था एन.एफ.टी.डी.सी. यांनी मिळून भारतीय बनावटीचा सांधा विकसित करण्याचे काम हाती घेतले. आपल्या लोकांची उंची, हाडांचा आकार आणि खिसा या तिन्हींचा विचार त्यामागे होता.

भाच्याची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी पूर्ण झाली आणि तो घरी आला. आम्हाला वाटले, संकट संपले. पण तो लंगडत चालत होता. टेकवताना उजवा पाय काठीसारखा ताठ ठेवायचा. मी मामा, शिकलेला, बँकेत नोकरीला असलेला. मला वाटले, मुलगा आळस करतो, भितो. मी रोज त्याला म्हणायचो, "गुडघा वाकव, नीट चाल, लोक बघतात." दोनदा तो अंगणात पडला. पुढे त्याने बाहेर जाणेच सोडले. कॉलेजचे एक वर्ष वाया गेले.

तपासणीसाठी पुन्हा मुंबईला गेलो, तेव्हा मी तक्रारीच्या सुरात तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना हे सांगितले. त्यांनी मला बसवून चालणे समजावले. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले. ते तुमच्यापुढे मांडतो.

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. टाच टेकल्यावर गुडघा किंचित, पंधरा-वीस अंश वाकतो आणि धक्का झेलतो. त्या क्षणी शरीराचा सारा भार मांडीच्या पुढच्या स्नायूने तोलून धरलेला असतो. पुढे पाय उचलला की हवेत गुडघा साठ अंशांच्या आसपास वाकतो, म्हणून पाऊल जमिनीला घासत नाही.

चाल मोजण्याच्या प्रयोगशाळा असतात. रुग्णाच्या कमरेला, गुडघ्याला आणि घोट्याला चमकणाऱ्या खुणा चिकटवतात. चारी बाजूंचे कॅमेरे त्या खुणांचा माग घेतात. जमिनीत बसवलेली पट्टी पाय किती जोराने टेकला ते नोंदवते. निरोगी माणसाच्या पावलाखाली या जोराचा आलेख दोन उंचवट्यांचा येतो, आणि ते उंचवटे शरीराच्या वजनापेक्षा थोडे जास्त असतात. कोणता पाय किती वेळ टेकला, पाऊल किती लांब पडले, सांधा किती अंश वाकला, हे सारे आकड्यांत मिळते.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला धातू बसवलेल्या रुग्णांची चाल मोजली, तेव्हा काही गोष्टी वारंवार दिसल्या. ते निरोगी माणसापेक्षा हळू चालतात. शस्त्रक्रिया झालेल्या पायावर कमी वेळ थांबतात. आणि अनेकजण टाच टेकताना गुडघा वाकवत नाहीत, ताठ ठेवतात. का? कारण गाठीबरोबर मांडीच्या पुढच्या स्नायूचा काही भाग गेलेला असतो. उरलेला स्नायू वाकलेल्या गुडघ्यावर भार तोलू शकत नाही. गुडघा ताठ ठेवला की भाराची रेषा गुडघ्याच्या पुढून जाते आणि बिजागरी आपोआप पक्की राहते. शरीराने स्वतःच शोधलेला हा उपाय आहे. माझ्या सांगण्यावरून मुलाने भर देताना गुडघा वाकवला, म्हणून तो पडला. बंधू-भगिनींनो, ज्याला मी आळस म्हणत होतो ते त्याच्या शरीराचे शहाणपण होते.

मग व्यायाम नको का? हवाच. पाय हवेत असताना गुडघा कमी वाकत असेल, तर तो ताठरपणा व्यायामाने पुष्कळ कमी होऊ शकतो. भीतीपोटी पाऊल आखूड पडत असेल, तर तेही सुधारते. उरलेला स्नायू बळकट करता येतो. म्हणजे एकाच लंगडण्यात काही भाग सुधारण्याजोगा असतो आणि काही भाग स्वीकारण्याजोगा. कोणता कोणता, हे मोजून आणि जाणकाराला विचारून ठरवायचे. मामाने अंगणात उभे राहून ठरवायचे नाही.

धातू मांडीच्या वरच्या टोकाला, खुब्यापाशी बसवला असेल तर चाल वेगळी होते. कमरेला आडवा तोल देणारे स्नायू त्या ठिकाणी हाडाला जोडलेले असतात. ते कमजोर झाले की माणूस प्रत्येक पावलाला त्या बाजूला झुकतो. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली या कमजोरीची खूण वर्णन केली होती. अशा वेळी काठी कोणत्या हातात धरावी? आपल्यातील बहुतेकजण दुखऱ्या बाजूच्या हातात देतात. ती विरुद्ध हातात असावी, म्हणजे कमजोर स्नायूंवरचा ताण हलका होतो.

आणखी एक गोष्ट मला शिकण्यासारखी वाटली. अशा रुग्णांना चालण्यासाठी आपल्यापेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते. आपण चंक्रमणात एकेक पाऊल सजगतेने टाकण्याचा सराव करतो, तोही सपाट जागेवर, मोजका वेळ. या मुलाला बांधीच्या धुऱ्यावरून, बाजाराच्या गर्दीतून, स्टेशनच्या जिन्यावरून तसेच चालावे लागते. म्हणून तो रस्त्याने जात असताना मागून हाक मारून त्याचे लक्ष विचलित करू नका. त्याच्या पावलाला आपले पाऊल जुळवा.

डॉक्टरांकडे अशा रुग्णांसाठी ३० गुणांची एक मोजपट्टी आहे. १९९३ साली डॉ. एन्नेकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. पायासाठी तिच्यात सहा बाबी आहेत आणि प्रत्येकीला पाच गुण. दुखणे, कामकाज, मनाने केलेला स्वीकार, आधाराची गरज, चालण्याची क्षमता आणि चाल. तो किती चालू शकतो हे वेगळे मोजतात आणि कसा चालतो हे वेगळे. मनाच्या स्वीकारालाही तेवढेच गुण आहेत. आपला समाज मात्र फक्त शेवटची बाब बघतो, आणि सोयरीक जुळवतानाही तीच बघतो.

आता आपण काय करू शकतो, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, आपल्या विहारात भिंतीलगत चार-सहा खुर्च्या कायम ठेवाव्यात. असा सांधा असलेल्याला उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि उडी मारणे टाळायला सांगतात. वंदनेला तो खुर्चीवर बसला तर त्यात अनादर कसला? अशा घरी कमोडचीही सोय करावी.

दुसरे, चालीवर लक्ष ठेवावे, पण टोमण्यासाठी नव्हे. बरी बसलेली चाल अचानक बिघडली, नवे दुखणे किंवा सूज आली, ताप आला, तर सांधा सैल झाला असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल. वाढत्या वयात दुसरा पाय लांब होत जाऊनही फरक पडतो. आम्ही दर महिन्याला मोबाईलवर भाच्याच्या दहा पावलांचे चित्रण समोरून आणि बाजूने करतो. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना ते दाखवतो.

तिसरे, उपचार अर्धवट सोडू नयेत. कर्करोग रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. कागद भरायला अडचण आली तर बँक सुटल्यावर माझ्याकडे या. कागद भरणे हेच माझे काम आहे.

भाच्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त माझ्याबरोबर चालत जा." त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो. पुढच्या वर्षी तो पुन्हा कॉलेजात गेला, पदवीधर झाला आणि आज एका सेवा केंद्रात संगणकावर काम करतो. उजवा पाय टेकवताना तो अजूनही ताठच ठेवतो. आता मी काही म्हणत नाही.