थोड्या पैशांची मेजवानी



कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो महागाई भत्ता, बोनस आणि संप यांवर बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. आज आम्ही मेजवानीवर बोलणार आहोत. चिटणिसांनी हा विषय ऐकला तेव्हा ते क्षणभर घोटाळले, मग म्हणाले, "खर्च कमी असेल तर चालेल." म्हणून विषयाच्या नावातच तशी तजवीज केली आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सगळे युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातले. त्या कपाटात पाककलेचे पुस्तक नव्हते. तेव्हा येथे सांगतो ते बहुतेक पाहिलेले आणि खाल्लेले आहे.

आमच्या ओळखीच्या एका कंत्राटी कामगाराने मुलाचा पहिला वाढदिवस केला. हॉल घेतला, फुग्यांची कमान केली, तीन मजली केक आणला. साठ माणसे जेवली. पैसे कोठून आले? फोनवर बोट दाबले की पाच मिनिटांत कर्ज देणारे सावकार हल्ली निघाले आहेत, त्यांच्याकडून. दोन महिन्यांनी त्याच्या कारखान्यात जादा वेळेचा प्रश्न निघाला. जादा कामाचे दाम दुप्पट, हे १९४८ सालच्या कारखाना कायद्याने ठरवून दिले. तेथे मात्र एकेरीच देत होते. सर्वांनी ठरवले की दुप्पट मिळेपर्यंत जादा कामाला थांबायचे नाही. हा थांबला. त्याला हप्ता भरायचा होता. संध्याकाळी फाटकाबाहेर पडणाऱ्या मंडळींत त्याचा केक खाल्लेले निम्मे लोक होते. त्यांनी त्याच्याकडे कसे पाहिले असेल, ते सांगायला नको. त्याला दोष देणे सोपे आहे; आम्हांस तो देववत नाही. मित्रांचे तोंड गोड करायला निघालेला माणूस मित्रांनाच तोंड दाखवीनासा झाला, ही त्यातली खरी शोकांतिका.

दुसरा एक प्रकार याहून मुका आहे. काही माणसे कर्ज काढत नाहीत; ती कोणाकडे जाणेच सोडून देतात. गेले की परत बोलवावे लागते, आणि बोलवायचे तर लोक काय म्हणतील! अशा माणसाला सभेला आणणे आम्हांस फार जड जाते. जो पंगतीला येत नाही, तो मोर्चाला कशाचा येतो?

गरिबाने मित्रांबरोबर बसावे यासाठी आधी त्याला वेळ मिळावा लागतो, आणि तोही भांडूनच मिळाला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी मांडली. रविवारची सुटी पदरात पडायला १० जून १८९० उजाडला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. त्या समाजाने १८७३ पासून कमी खर्चात लग्ने लावून दाखवली, कारण समारंभाच्या कर्जाने कुणबी कसा बुडतो हे जोतीरावांनी जवळून पाहिले होते. सावकाराचा तो कागद आता फोनवर आला आहे, एवढाच फरक.

आता भगिनींची क्षमा मागून एक सांगतो. ही विद्या पुरुषांना नवी असेल, तुम्हांला नाही. सध्या चैत्र-वैशाखच चालू आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काय असते? कैरी घातलेली वाटली डाळ, पन्हे, आणि ओटीत भिजवलेले हरभरे. ज्या दिवसांत बाजारात कैरी सर्वांत स्वस्त, त्याच दिवसांत कैरीची मेजवानी! दहा बाय दहाच्या खोलीत दुपारभर चाळीस बाया येऊन जातात आणि कोणी म्हणत नाही की बासुंदी का नव्हती. याचे कारण काय खायचे हे आधीच ठरलेले असते. श्रीमंताघरीही डाळच आणि गरिबाघरीही डाळच. मात्र बोलवायची कोणाला आणि वगळायची कोणाला, हा त्या प्रथेतला जुना दोष आहे. विधवा भगिनींना वगळून केलेला समारंभ आम्ही स्वस्त म्हणत नाही.

ऋतूप्रमाणे खाणे, हे यातले पहिले गमक. देशावर थंडीत हुरडा होतो: गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजायची, तळहातावर चोळायची, लसणीची चटणी आणि गूळ. रायगडकडे वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी होते, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर बोलल्याशिवाय आम्हांस राहवणार नाही. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला. हा रानपाला शेताच्या कडेला फुकट मिळतो. त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा. ऐपत असेल तर बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे. पाणी नाही, तेल नाही. तोंड पुन्हा पाल्याने घट्ट बंद करायचे, मडके शेतात उपडे घालायचे आणि भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब उडवायचे. चर्र होऊन लगेच उडाले की पोपटी झाली. मग ती कागदावर ओतायची आणि सर्वांनी भोवती बसायचे. येथे यजमान कोण? एकाने मडके आणलेले, दुसऱ्याने शेंगा, तिसरा पाला शोधत काळोखात हिंडून आलेला. आणि तो अर्धा तास! विस्तवाभोवती बसलेल्या माणसांना करमणुकीचा कार्यक्रम लागत नाही.

शहरात शेत कोठून आणणार, असे कोणी म्हणेल. शहरात गच्ची आहे. गेल्या कोजागरीला आमच्या कचेरीच्या गच्चीवर पंचवीस माणसे जमली, त्याचा हिशेबच सांगतो. हिशेब सांगणे ही आमची जुनी खोड आहे. दूध ५ लिटर, ३५० रुपये. साखर अर्धा किलो, २५. वेलदोडे, जायफळ, चारोळी मिळून ७५. केशर नव्हते, त्याची आठवणही कोणास झाली नाही. भेळीसाठी चुरमुरे १००, फरसाण एक किलो २४०, कांदे-बटाटे-टोमॅटो ८०, चिंच-गूळ ५०, कोथिंबीर-मिरची ३०. एकूण ९५० रुपये; माणशी ३८. पेले प्रत्येकाने घरून आणले. गाण्याच्या भेंड्या झाल्या, दोघांनी साहेबाच्या नकला केल्या. लाउडस्पीकर आणला नाही. तो आला की बोलणे थांबते, आणि भाडे निराळे. बाटलीही नव्हती. आम्ही त्याबाबत कीर्तन करीत नाही. पण बाटली आली की वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

वर्गणी कशी गोळा करावी, याला आम्ही फार महत्त्व देतो. वही फिरवून नावापुढे आकडा लिहिला की ज्याच्याजवळ दहाच रुपये आहेत तो त्या दिवशी आजारी पडतो. संपाच्या काळात आम्ही एक पद्धत पाळतो. रुंद तोंडाचा डबा कापडाने झाकून फिरवायचा. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि मोकळी करून बाहेर काढायची. काही नसेल त्यानेही हात घालायचा. कोजागरीला तसेच केले. कोणी पाच टाकले असतील, कोणी शंभर. निघाले १,०१२ रुपये.

वाढदिवसाच्या कर्जाचा तो गृहस्थ त्या रात्री आला होता. दूध आटवायला तोच बसला, कारण त्याच्या वडिलांची एके काळी चहाची गाडी होती आणि दूध करपू न देण्याची हातोटी त्याच्याकडे आहे, हे आम्हांस तोवर ठाऊकच नव्हते. जादा कामाविषयी कोणी अक्षर काढले नाही. दोन तास तो पळी हलवीत बसला आणि ज्यांनी फाटकावर मान फिरवली होती, त्यांतला एकजण त्याच्याजवळ जाऊन पातेले धरून बसला.

शिल्लक राहिली बासष्ट रुपये. तिचे काय करावे यावर रात्री बारा वाजता वाद झाला. कोणी म्हणे संपनिधीत टाका, कोणी म्हणे आणखी अर्धा किलो फरसाण आणा. दुकाने बंद झाली होती, म्हणून निधीवाल्यांचा विजय झाला.